हॅरल्डकाकांच्या सहा घंटा

आमच्या घंटाघरात भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. दोर ओढून हात भरून आले की आम्ही त्यावर टेकतो, थर्मासमधला चहा निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "ए, त्या दिवशीचं आठवतंय का?" झालं! पुढची सगळी प्रॅक्टिस बोंबलते. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. घरात प्लास्टिकचे डबे जमतात ना, तसे ते आपोआप वाढत गेले आणि आता टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही.

आधी जागा सांगतो. आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या आसपास राहणारी माणसं. आमच्या गावात एक जुनं दगडी चर्च आहे. फार वर्षांपूर्वी इथल्या गिरणीच्या इंग्रज मालकाला आपल्या खेड्याची आठवण यायला लागली. आपल्याला गावची आठवण आली की आपण महाराष्ट्र मंडळ काढतो. त्याने अख्खं चर्च काढलं! गावाकडच्या चर्चची हुबेहूब नक्कल. चौकोनी बुरूज, टोकदार कमानी, ओकच्या लाकडाचे काळपट बाक, मध्ये कोरीव लाकडी जाळी, रंगीत काचांच्या खिडक्या. आणि बुरुजात इंग्लंडहून बोटीने आणवलेल्या सहा घंटा.

गणपतीच्या आधी आमचं ढोलपथक याच चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये प्रॅक्टिस करायचं. एका शनिवारी बुरुजाच्या दारातून एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा बाहेर आला आणि सरळ आमच्याकडे चालत आला. आम्ही ढोल थांबवले. आता हाकलणार!

"थांबलात का?" तो म्हणाला. "तो कोपऱ्यातला मुलगा सोडला तर सगळे तालात होतात."

कोपऱ्यातला मुलगा म्हणजे मी. वय बेचाळीस.

हे हॅरल्डकाका. तरुणपणी इंग्लंडमधून इथे आले आणि आल्यापासून या बुरुजातल्या घंटा वाजवतात. एका माणसाने एक घंटा, अशा सहा जणांनी मिळून वाजवायच्या, आणि त्यांचा क्रम सतत बदलत न्यायचा, अशी ही इंग्रजी पद्धत. पण त्यांचे जुने साथीदार संपत आले होते. काही वर गेले होते, काही फ्लॉरिडाला. उरल्या होत्या फक्त ॲग्नेसमावशी. त्या ठेंगण्या, गोड, आणि दंड बघितलेत तर पैलवानाचे!

"मला पाच माणसं हवीत," हॅरल्डकाका म्हणाले.

"पाच कशाला? तुम्ही आणि ॲग्नेस दोघं आहात, म्हणजे चार पुरेत," आमचा सुमेध म्हणाला. सुमेध मुंबईचा, डेटा ॲनालिस्ट. कुणी काही बोललं की तो आधी बेरीज तपासतो.

"मी वाजवणार नाही," ते म्हणाले. "मला ऐकायचंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. घंटा असतात वर आणि वाजवणारे उभे असतात खालच्या खोलीत, जाड भिंतींच्या आत. तिथे नुसती धडधड ऐकू येते. खरं काय वाजतंय ते कळतं बाहेर, गवतावर उभं राहिलेल्याला. आणि माणसं नेहमीच कमी, त्यामुळे हॅरल्डकाकांना दोर सोडून कधी बाहेर जाताच आलं नाही. सगळा जन्म घंटा वाजवल्या, पण सहाच्या सहा बाहेरून एकदाही ऐकल्या नाहीत. पुढच्या सप्टेंबरात ते कायमचे मुलीकडे ॲरिझोनाला जाणार होते. घर विकायला काढलं होतं.

"तिथे वाळवंट आहे," ते म्हणाले. "घंटा नाहीत."

मला एकदम गलबलून आलं, पण त्याच वेळी नागपूरच्या प्रशांतने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "होऊन जाते ना काका! काय टेन्शन घेता?"

प्रशांत, त्याची बायको शिल्पा, सुमेध, माझी बायको मुग्धा आणि मी. पाच जण भरले. घंटा कशाशी खातात हे एकालाही माहीत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी आम्ही चर्चच्या पोर्चमध्ये बूट काढले. कुणी कुणाला सांगितलं नाही. देवाची जागा, बूट निघाले! नोव्हेंबर महिना, खाली दगडी फरशी. दहा पावलांत पायांची जाणीव गेली.

आत शिरल्या शिरल्या दाराशीच एक दगडी, कोरीव, कमरेएवढं कुंड आहे. वर जड लाकडी झाकण. प्रशांतने झाकण सरकवून आत पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि मोजे काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.

तेवढ्यात चर्चच्या पाद्रीबाई आल्या. त्यांचं नाव कॅरल. गळ्यात पांढरी पट्टी, हातात कॉफी. प्रशांतने अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, पाय धुवायचे आहेत. नळ कुठे आहे?"

कॅरलबाईंनी कुंडाकडे पाहिलं, प्रशांतच्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहिलं. ते कुंड लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचं होतं. त्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घालतात.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे साधारणपणे दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतात!"

*

या घंटा प्रकरणात आमचा पहिला मोठा घोळ झाला तो समेवरून.

ढोल वाजवणाऱ्या माणसाला समेशिवाय चैन पडत नाही. फिरून फिरून एका ठिकाणी यायचं, तिथे मान डोलवायची, जमलं तर "वा!" म्हणायचं. आणि इथे सहा घंटा एकामागून एक नुसत्या पडत जातात. धाकटीपासून थोरलीपर्यंत, मग क्रम बदलून, मग पुन्हा बदलून.

"काका, सम कुठे आहे?" सुमेधने विचारलं. सम म्हणजे काय हे समजावण्यात अर्धी प्रॅक्टिस गेली.

"नाही," सगळं ऐकून घेऊन हॅरल्डकाका म्हणाले.

"म्हणजे, शेवटी येते का?"

"येत नाही."

आमचा विश्वास बसेना. दर दोन ओळींनंतर, म्हणजे सहाही घंटा दोनदा पडून झाल्या की, एक श्वासाएवढी जागा सोडतात असं लक्षात आलं, मग आम्ही आपसात ठरवून टाकलं की हीच सम. तिथे पाची जणांच्या माना एकदम डोलायला लागल्या. मान डोलली की हात रेंगाळतो, हात रेंगाळला की घंटा उशिरा पडते. एकदा मुग्धाची घंटा इतकी सुरेख पडली की प्रशांतच्या तोंडून "क्या बात है!" निघून गेलं, आणि त्या नादात तो आपली घंटा वाजवायलाच विसरला.

हॅरल्डकाकांनी सगळ्यांना थांबवलं. वाजवताना कुणीही बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही. कौतुक वाटलं तर काय करायचं, असं शिल्पाने विचारलं.

त्यांनी बराच विचार केला. "भुवई," ते म्हणाले. "एकच!"

*

या चर्चमध्ये प्रत्येक बाकाखाली गुडघे टेकायला छोट्या गाद्या ठेवलेल्या असतात. लोकरीने भरतकाम केलेल्या. कुणावर कबुतर, कुणावर मेंढीचं पिल्लू, कुणावर क्रूस. सगळ्या ॲग्नेसमावशींनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी केलेल्या.

आमचं काय होणार ते तुम्हाला कळलंच असेल. बाकांच्या मधल्या अरुंद जागेतून जाताना गादीला पाय लागायचा. पाय लागला की आम्ही वाकायचो, गादीला हात लावायचो, तो हात कपाळाला लावायचो. पाच माणसं एका रांगेतून गेली की कवायत चालल्यासारखं दिसायचं.

ॲग्नेसमावशी काही दिवस नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी मुग्धाला गाठून विचारलं, की गाद्या खराब झाल्या आहेत का? तुम्ही सारखं काय तपासता?

मुग्धाने समजावून सांगितलं. चांगल्या वस्तूला पाय लागला तर आम्ही तिची माफी मागतो.

पुढच्या शनिवारी दोर धरायला जाताना मावशींचा बूट मेंढीच्या पिल्लाला लागला. त्या थबकल्या. कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत खाली वाकल्या, पिल्लाला थोपटलं आणि उठून आमच्याकडे वळल्या. "इतकी वर्षं मी किती उद्धट वागले!"

*

आता प्रशांतच्या वडिलांचा किस्सा. हा सांगताना शिल्पा अजूनही कानावर हात ठेवते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या घंटा देवळातल्यासारख्या लटकलेल्या नसतात. वाजवायच्या आधी त्या झुलवत झुलवत उलट्या करतात आणि तोंड आभाळाकडे करून तोलून ठेवतात. पुढे कलंडू नये म्हणून एका लाकडी दांडीचा आधार. खाली दोर नुसता हलला तरी एवढी जड घंटा गर्रकन पूर्ण गोल फिरते. त्या दोराला हाताशी लोकरीचा जाड, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा गोंडा असतो. अगदी गोंडस दिसतो. हॅरल्डकाकांची पहिली शिकवण हीच, की न विचारता दोराला हात लावायचा नाही. लावलात तर दोर तुम्हाला घेऊन छताला जाईल!

प्रशांतचे वडील नागपूरहून आले होते. हौसेने म्हणाले, मलाही दाखवा. बुरुजाचा गोल, अरुंद जिना कसाबसा चढले. धापा टाकत दोरांच्या खोलीत पाऊल ठेवलं. समोर सहा दोर. प्रशांतच्या वडिलांचा उजवा हात आपोआप वर गेला. आयुष्यभराची सवय! देवाच्या दारात आलो, घंटा वाजवली, हात जोडले.

"नो!" हॅरल्डकाका ओरडले.

प्रशांतच्या वडिलांनी ओढलेला दोर हातातून सटकून सर्रकन वर गेला. हात जोडायचे होते म्हणून त्यांनी तो लगेच सोडला होता. धरून ठेवला असता तर आज हा किस्सा हसत सांगता आला नसता. वर घण्णकन आवाज झाला, दोर सापासारखा खोलीभर नाचला, आणि मग काडकन लाकूड मोडल्याचा आवाज आला. आधाराची दांडी गेली होती.

सगळे भिंतीला चिकटून उभे. हॅरल्डकाकांचा चेहरा पांढराफटक. आणि खोलीच्या मध्यभागी प्रशांतचे वडील डोळे मिटून, हात जोडून शांत उभे. नमस्कार पुरा करून त्यांनी डोळे उघडले.

"मोठं जागृत स्थान दिसते बाप्पा!"

दांडी नवीन बसवली. हॅरल्डकाकांनी दारावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नका' अशी पाटी लावली. पुढच्याच महिन्यात सुमेधची मावशी आली आणि पाटी वाचता वाचता तिचा हात वर गेला. तो मी वरच्या वर पकडला. पाट्यांनी हे थांबणार नव्हतं. शेवटी मुग्धाने उपाय काढला. जिना संपतो तिथे, बरोबर डोक्याच्या उंचीवर, एक छोटी पितळी घंटा टांगली. आता येणारा माणूस आधी ती वाजवतो, हाताची खाज भागते, आणि दोर सुरक्षित राहतात.

कॅरलबाई वर आल्या की त्याही वाजवतात. हॅरल्डकाका आधी नाक मुरडायचे. मग एक दिवस मी जिन्यात खाली होतो. वर ते एकटेच होते. टुण्णकन आवाज आला!

*

माझ्या सासूबाई कोल्हापूरच्या. त्या चर्चमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा कमानी, रंगीत काचा, कोरीव जाळी वगैरे सगळं ओलांडून त्यांची नजर थेट पोहोचली ती पितळी गरुडावर.

इंग्रजी पद्धतीच्या चर्चमध्ये बायबल ठेवायला एक उंच स्टँड असतो. आमच्या चर्चमध्ये तो पितळी गरुडाचा आहे. पंख पसरलेले, पंखांवर भलं मोठं पुस्तक.

"गरुड!" सासूबाई म्हणाल्या. "अगं मुग्धा, म्हणजे आपल्यापैकीच आहेत की!"

कॅरलबाईंनी समजावलं, की तो देवाचा शब्द पंखांवर घेऊन जगभर जातो अशी कल्पना आहे. मुग्धाने भाषांतर केलं.

"मग वाहनच झालं ना!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पण त्यांना खटकलं होतं वेगळंच. देवाचं वाहन आणि इतकं काळवंडलेलं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोल्हापूरहून आणलेली चिंच भिजत घातली. चिंचेचा कोळ, मीठ, एक जुना पंचा. चर्चची साफसफाई बघणाऱ्या चार म्हाताऱ्या बायका धास्तावून बघत राहिल्या आणि सासूबाई गरुडाचं पीस न् पीस घासत बसल्या. पाण्याने धुतला, कोरडा केला. गरुड असा झळकायला लागला की रविवारी धडा वाचायला उभा राहिलेला माणूस डोळे किलकिले करून वाचत होता.

त्या चौघी सासूबाईंभोवती गोळा झाल्या. हे मिळतं कुठे? मुग्धाने इंडियन स्टोअरचा पत्ता दिला. आता चर्चच्या कपाटात मेणबत्त्यांच्या शेजारी चिंचेचं पाकीट असतं. ते फार लवकर संपतं म्हणून कॅरलबाईंनी चौकशी केली. गरुड महिन्यातून एकदाच घासतात ना?

त्यातल्या सगळ्यात वयस्क बाई लाजल्या. "गरुडाला थोडीच लागते," त्या म्हणाल्या. "बाकीची आम्ही चाखतो!"

*

चर्चच्या आवारात शिरायला एक लाकडी फाटक आहे. फाटकावर छोटंसं कौलारू छप्पर, दोन बाजूंना बसायला कट्टे आणि मधोमध एक लांबट, सपाट दगड. ओटाच म्हणा ना! प्रॅक्टिसनंतर आमचं खाणं तिथेच व्हायचं. दगडावर शिल्पाचे पोहे, मुग्धाची कोथिंबीरवडी, चटण्या, सगळं ओळीने मांडायचं. पाऊस आला तरी वर छप्पर. इंग्रजांनी किती विचार करून बुफेची सोय केली आहे, असं मी हॅरल्डकाकांना एकदा म्हणालोसुद्धा. ते नुसते हसले.

सगळा हिवाळा आणि वसंत असा गेला. मग एकदा सुमेधला वाचनाची हुक्की आली. फोनवर काहीतरी वाचत तो एकदम खायचा थांबला.

"गाईज," तो म्हणाला, "हा दगड प्रेत ठेवायचा आहे. दफनाच्या आधी शवपेटी इथे टेकवतात. पाद्री येईपर्यंत."

पोह्यांचा घास माझ्या तोंडात होता. ना आत जाईना, ना बाहेर येईना. शिल्पाने डबा दगडावरून उचलून मांडीवर घेतला.

"मग आता घरी जाऊन आंघोळी करायच्या का?" प्रशांतने विचारलं. तो अगदी सीरियसली विचारत होता.

सगळ्यांनी हॅरल्डकाकांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे आणखी एक वडी उचलली.

"खा निवांत," ते म्हणाले. "या दगडावर ठेवलेल्यांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही."

*

तक्रारी यायच्या त्या जिवंत माणसांकडून. चर्चसमोर नवीन टाउनहाउसेस झाली आहेत. रविवारी घंटा वाजल्या तर कुणी काही म्हणत नाही. पण शनिवारी दुपारी आमची प्रॅक्टिस रंगात आली की पोलिसाची गाडी हजर! गावाचा नियम असा, की तक्रार आली की त्या दिवसापुरतं वाजवणं बंद. ऑफिसर येणार, बुरुजाखाली उभं राहून सांगणार, आणि आम्ही गुमान खाली उतरणार. दोनदा असं झालं. जून उजाडला होता. सप्टेंबर जवळ येत होता आणि हॅरल्डकाकांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

मुग्धा म्हणाली, भांडण्यात अर्थ नाही, लाडू घेऊन जाऊ. बेसनाचे लाडू घेऊन ती आणि मी समोरची दारं वाजवत सुटलो. तिसरं दार उघडलं ते एका मराठी काकांनी. जोशीकाका. जन्मभर तबला शिकवलेला, आता मुलाकडे राहायला आलेले.

"अरे, त्या घंटा तुम्ही वाजवता?" त्यांनी लाडू घेतला. "दोन्ही वेळा फोन मीच करायला लावला."

मुग्धाचा चेहरा पडला. "फार आवाज होतो का काका?"

"आवाजाचं काय! आवाज छान आहे. पण ती चौथी घंटा! दर वेळी मागे पडते हो. मी इथे चहा घेऊन बसतो. एक, दोन, तीन... आणि जीव टांगणीला! कप हातातच राहतो माझा."

"मग पोलिसांना तसं सांगायचं!" मी जरा तावातच म्हणालो.

"पोलिसांना लय काय समजावणार? आवाज होतोय म्हटलं की ते लगेच येतात."

मुग्धा हळूहळू माझ्याकडे वळली. चौथी घंटा माझी होती.

परत येताना ती गाडीत काही बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली आहेत, ती बोलली नाही की मला सगळं ऐकू येतं. मी स्वतःच हॅरल्डकाकांकडे गेलो आणि म्हणालो, की मी चौथी सोडतो. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं. नोव्हेंबरपासून रोज दंडाला बाम चोळून झोपलो होतो. पण हॅरल्डकाकांना एकदाच ऐकायला मिळणार होतं, आणि त्या एकदाच्या वेळी चौथी मागे पडायला नको होती.

हॅरल्डकाकांनी माझा हात हातात घेतला. आता ते मला समजावणार, थोडा आग्रह करणार, असं वाटलं.

"थँक गॉड!" ते म्हणाले. "तुला कसं सांगावं या विचाराने मला झोप लागत नव्हती."

चौथीवर कॅरलबाई आल्या. बुरुजात येऊन येऊन त्याही शिकल्या होत्या. लय पक्की. जोशीकाकांचा फोन पुन्हा कधी गेला नाही. पण टाउनहाउसेसमध्ये काही एकटे जोशीकाकाच राहत नाहीत.

*

सप्टेंबरातला शनिवार. हॅरल्डकाकांचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. सोमवारचं विमान होतं.

बुरुजात सहा जण चढले. ॲग्नेसमावशी, मुग्धा, प्रशांत, कॅरलबाई, शिल्पा, सुमेध. हॅरल्डकाका खाली. त्यांनी टाय लावला होता. गवतावर, मेपलच्या झाडाखाली मी दोन फोल्डिंग खुर्च्या मांडल्या. एक त्यांना, एक मला.

"साधारण अर्धा तास लागेल," ते म्हणाले. "क्रम बदलत बदलत फार लांब जातात. आणि शेवटी सगळ्या पुन्हा ओळीत येतात, धाकटीपासून थोरलीपर्यंत. ते परत येणं बाहेरून कसं वाटतं, ते मला ऐकायचंय. तू काही बोलू नकोस."

मी मान हलवली. मग पहिली घंटा पडली.

मी इतके महिने त्या खोलीत उभा राहून घाम गाळला होता आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं! अख्खं आभाळ वाजत होतं. आवाज बुरुजावरून खाली गवतावर उतरत होता, थडग्यांच्या दगडांवरून जात होता, रस्त्यापलीकडच्या काचांवरून परत येत होता. माझे डोळे भरून आले. शेजारी बघायचं धाडस झालं नाही. खाली पाहिलं तर हॅरल्डकाकांचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं. एकेक घंटेला एकेक टिचकी. चौथी बरोबर वेळेवर.

ओळी बदलत गेल्या. धाकटी मागे गेली, थोरली मध्ये आली, सगळं गुंतत गेलं. शेवट जवळ आल्याचं मला त्यांच्या बोटावरून कळलं. ते जरा जोरात पडायला लागलं होतं. आणि तेवढ्यात फाटकाशी पोलिसाची गाडी थांबली.

तरुण ऑफिसर होता. नवीन. याला आम्ही आधी पाहिलेलं नव्हतं. गवतावरून सरळ आमच्याकडे आला. मी उठायला लागलो. हॅरल्डकाकांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"गुड आफ्टरनून, सर. या घंटांचे इनचार्ज कोण?"

हॅरल्डकाकांनी सावकाश मान वर केली. या माणसाचे कान इतके तिखट, की बंद खोलीत सहा घंटांमधून कुणाचा हात केसभर रेंगाळला ते त्यांना कळतं.

"कसल्या घंटा?" ते म्हणाले.

ऑफिसरने बुरुजाकडे पाहिलं. दगड न् दगड दणाणत होता. त्याने पुन्हा काकांकडे पाहिलं.

"सर, या घंटा! समोरून तक्रार आली आहे. बंद करायला सांगावं लागेल."

काकांनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्याने बोला!"

"घंटा!" ऑफिसर ओरडला. "बंद करायच्या आहेत! वर कसं जायचं?"

"मी परवा ॲरिझोनाला चाललोय," हॅरल्डकाका म्हणाले. "मुलगी राहते तिथे. तुम्ही गेलाय का कधी? फार उकाडा असतो म्हणे. घराच्या मागे निवडुंग आहेत. तिने फोटो पाठवलाय, थांबा, दाखवतो..." आणि ते एका हाताने कोटाचे खिसे चाचपत राहिले. वरचा, खालचा, आतला, पुन्हा वरचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गालांवरून टायवर पडत होतं, आणि दुसऱ्या हाताचं बोट गुडघ्यावर पडायचं काही थांबत नव्हतं.

ऑफिसर त्या बोटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"सर, तुम्हाला तरी घंटा ऐकू येतायत ना?"

मी नेकीने टॅक्स भरणारा माणूस. पार्किंगचं तिकीटसुद्धा मला कधी मिळालेलं नाही. गेल्या वर्षीच कोर्टात हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. वर थोरली पडली. एक श्वासाएवढी जागा गेली. आणि धाकटीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, घंटा ओळीत यायला लागल्या.

मी कानामागे हात धरला.

"काय म्हणालात?"